ग्राफिक्स प्रोसेसरची खूण काढली म्हणजे दुखणं गेलं असं नाही

फोटो एडिट करणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. त्यात म्हटलेलं असतं: फोटोशॉप किंवा लाइटरूम अडकत असेल, चित्राच्या जागी काळा चौकोन येत असेल, तर प्रेफरन्सेसमधली 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची खूण काढा आणि पुन्हा कधी लावू नका, कारण फोटोला ग्राफिक्स कार्ड (हा प्रोसेसर ज्यात असतो तो, चित्रं हाताळणारा कॉम्प्युटरचा भाग) लागतच नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, विंडोज आपोआप अपडेट करतं, तिकडे बघू नका. स्क्रीन मध्येच काळी होत असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'टीडीआर डिले' ६० करा. एवढ्यानंही भागलं नाही तर कार्ड गेलं समजा आणि जास्त मेमरीचं नवं घ्या.

यातला पहिला सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणूनच तो इतका पसरतो. खूण काढली की त्रास बहुतेकदा खरंच थांबतो. माझाही थांबला होता. पुढे कित्येक महिने माझ्या लॅपटॉपवर ती खूण काढलेलीच राहिली आणि मशीन जुनं झालंय असं समजून मी संथपणा सोसत राहिलो. एके दिवशी ऑइल पेंट फिल्टर हवा होता, तो मेनूत फिका दिसला, निवडताच येईना. तेव्हा लक्षात आलं की दुखणं मी फक्त झाकून ठेवलं होतं.

फोटोला कार्ड लागत नाही, हे विधान २००८ पर्यंत चाललं असतं. त्या वर्षी आलेल्या फोटोशॉप सीएस४ नं कॅनव्हास फिरवणं, झूम सलग करणं ही कामं कार्डाकडे सोपवली. २०१२ च्या सीएस६ मध्ये लिक्विफाय आणि ब्लर गॅलरीनं कार्डाचा आधार घेतला. २०१५ मध्ये लाइटरूमच्या डेव्हलप विभागाचं कामही त्यावर गेलं. आज पर्स्पेक्टिव्ह वॉर्प, ऑइल पेंट, स्क्रबी झूम या गोष्टी कार्डाशिवाय मिळतच नाहीत. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारी सोय) चांगल्या कार्डावर काही सेकंदांत होतं. कार्ड बाजूला ठेवलं तर त्याच फोटोला कितीतरी मिनिटं लागतात.

म्हणून खूण काढायची ती तपासणीपुरती. खूण काढा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि बघा.

त्रास तसाच राहिला तर कार्डाच्या मागे लागू नका. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत 'एफिशियन्सी' दाखवायला सांगा. आकडा १०० टक्क्यांच्या खाली जात असेल तर रॅम अपुरी पडतेय आणि काम स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी वापरलेल्या डिस्कच्या जागेवर, चाललंय. हे सहज घडतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये, तीन चॅनल धरले तर, १४४ एमबी होतो, आणि हा हिशोब एका पूर्ण भरलेल्या लेयरचा. असे दहा लेयर आणि वर हिस्टरी धरा, म्हणजे रॅम कुठे जाते ते कळेल.

त्रास गेला, तरी त्यावरून कार्ड खराब आहे असं ठरत नाही. एवढंच कळतं की कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर या तिघांत कुठेतरी बिनसलंय. इथून पुढे खरं काम सुरू होतं. खूण परत लावा, 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मधले पर्याय एकेक करून बंद करा आणि दर वेळी प्रोग्राम नव्यानं उघडून तपासा. एकदम सगळे बंद केलेत तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही. 'हेल्प'मधलं 'सिस्टिम इन्फो' उघडून फोटोशॉपला कोणतं कार्ड दिसतंय तेही वाचा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन असतात, प्रोसेसरमधलं आणि वेगळं. माझ्याकडे घोळ इथेच होता. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स' पानावर फोटोशॉपसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडलं आणि खूण लावूनही काळा चौकोन पुन्हा आला नाही.

ड्रायव्हरबद्दलचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. विंडोज अपडेटमधून मिळणारा ड्रायव्हर बरेचदा कार्ड बनवणाऱ्याच्या ताज्या आवृत्तीपेक्षा जुना असतो. तो कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या आणि टाकताना 'क्लीन इन्स्टॉल' निवडा, म्हणजे जुन्या सेटिंग्ज पुसून तो नव्यानं बसेल. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेमसाठीच्या ड्रायव्हरऐवजी 'स्टुडिओ' ड्रायव्हर बघा, २०१९ पासून तो अशाच कामांसाठी वेगळा मिळतो. आणि त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर मागे जा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' त्याचसाठी दिलंय.

रजिस्ट्रीचा उपाय कृपा करून डोळे मिटून करू नका. कार्डानं ठराविक वेळात उत्तर दिलं नाही की विंडोज ते अडकलं असं धरतं आणि ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं. ही मुदत म्हणजेच 'टीडीआर डिले', ती मुळात २ सेकंदांची असते. ती ६० केली की अडकलेलं कार्ड मिनिटभर अख्खी स्क्रीन गोठवून ठेवू शकतं, अडकण्याचं कारण मात्र जागच्या जागी राहतं. रजिस्ट्रीतल्या या नोंदी चाचणी आणि दोष शोधण्यापुरत्याच आहेत, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. त्यापेक्षा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या यादीत, ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा, ड्रायव्हर असा नव्यानं सुरू झाला की ती पडते. ती ज्या क्षणी पडली तेव्हा तुम्ही कोणता फिल्टर चालवत होतात हे आठवलं तर अर्धा शोध लागला.

राहिला नव्या कार्डाचा खर्च. कार्डाची मेमरी रॅमची उणीव भरून काढत नाही, त्यामुळे एफिशियन्सी घसरत असताना मोठं कार्ड घेऊन पदरी निराशाच येईल. डेस्कटॉप असेल तर आधी मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली नाही ना ते बघा. मग कार्डाचं तापमान बघा आणि ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवणं) केलं असेल तर ते काढा.

एवढं करूनही रेघा, ठिपके दिसत असतील तर त्यांचा स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या मशीनवर उघडा. त्यात रेघा नसतील तर आधी केबल बदलून बघा, मग मॉनिटर. स्क्रीनशॉटमध्येही असतील तर बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचं सेटिंग्जचं पान, उघडा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून चालूच झालेला नसतो, त्यामुळे तिथेही त्याच रेघा दिसल्या तरच कार्ड गेलं असं म्हणायला आधार मिळतो.