खोक्यावरचे नाव

‘कोल्ड केस’ या अमेरिकी मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागात एक पुठ्ठ्याचे खोके फडताळावरून खाली उतरते. त्यावर मृत व्यक्तीचे नाव आणि जुनी तारीख लिहिलेली असते. आत कागद, छायाचित्रे आणि एखादी अगदी घरगुती वस्तू असते. भागाच्या शेवटी ते खोके प्रकरण मिटल्याच्या खुणेसह पुन्हा जागेवर जाते. खरे तर मी या मालिकेच्या नादी लागलो तो या खोक्यामुळे, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे.

जिल्ह्यातल्या एका न्यायालयात मी कारकून होतो आणि त्यातली काही वर्षे मुद्देमाल सांभाळण्यात गेली. आरोपी फरारी असला आणि सापडण्याची चिन्हे नसली की खटला ‘डॉर्मंट फाईल’ला जातो आणि त्याचा मुद्देमाल कोपऱ्यात पडून राहतो. एकदा अशाच एका पुरचुंडीचे कापड उंदरांनी कुरतडले, म्हणून साहेबांच्या परवानगीने ते नव्याने बांधावे लागले. आत स्टीलचा दोन पुडांचा जेवणाचा डबा होता. पंचांच्या सह्यांच्या लेबलावरची शाई उडून नुसता पिवळा कागद उरला होता, लाखेच्या सीलचा भुगा झाला होता; पण डब्याच्या झाकणावर, आपल्याकडे लग्नात भांड्यांवर कोरतात तसे, यंत्राने टोचून कोरलेले नाव मात्र स्वच्छ वाचता येत होते. मी नवे लेबल लिहिले, नवी लाख लावली आणि रजिस्टरला नोंद केली. त्या माणसाविषयी त्या वर्षभरात आमच्या कार्यालयात झालेली हालचाल एवढीच.

मालिका 2003 ते 2010 या काळात अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर सात पर्वे चालली आणि तिचे 156 भाग झाले. फिलाडेल्फिया शहरातल्या पोलिसांचे जुने खून शोधणारे पथक तिच्या केंद्रस्थानी आहे आणि कॅथरिन मॉरिस या अभिनेत्रीने लिली रश ही तपास अधिकारी साकारली आहे. पथक कधी पाच वर्षांपूर्वीचा खून उकरते, तर एका भागात थेट 1919 पर्यंत मागे जाते. पुतण्याने टीव्हीवर सगळी पर्वे शोधून दिल्यापासून रात्रीचे जेवण उरकले की मी आणि आई एक भाग पाहतो. आईचे वय 82, शिक्षण चौथीपर्यंत, आणि इंग्रजीचा तिला गंध नाही.

तरीही तिला गोष्ट कळते, ती या मालिकेच्या एका साध्या युक्तीमुळे. म्हातारा साक्षीदार बोलत असतो आणि पापणी लवते न लवते तोच त्याच जागी, त्याच पवित्र्यात, त्याचा तरुण चेहरा दिसून नाहीसा होतो. एका माणसासाठी दोन नट, आणि त्यांच्यामध्ये गेलेली तीस-चाळीस वर्षे. कोण गब्बर झाला, कोण दारूत बुडाला, कोणाचे हसणे कायमचे गेले, हे सांगायला संवाद लागत नाही. ‘ह्यो म्हातारा लपिवतोय बघ, हात बघ त्याचं,’ असे आई पंधराव्या मिनिटाला म्हणते आणि बहुतेक वेळा तिचे खरे निघते.

माझ्या मते या प्रकारच्या कथेचे आकर्षण खुनी ओळखण्यात फारसे नाही. ताज्या खुनाच्या मालिकेत घड्याळ तपास अधिकाऱ्याच्या मानगुटीवर बसलेले असते; इथे घड्याळाने आपले काम कधीच करून ठेवलेले असते. जुन्या प्रकरणात काळाबरोबर दोनच गोष्टी बदलतात, एक विज्ञान आणि दुसरी नाती. प्रयोगशाळेच्या मालिका पहिल्या गोष्टीवर जगतात. ही मालिका डीएनएचा आधार घेते, पण तिचा खरा भरवसा दुसऱ्या गोष्टीवर आहे. त्या काळी जी बायको नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलली, तिने आता काडीमोड घेतलेला असतो. ज्या मालकाच्या धाकाने कामगार गप्प राहिला तो मालक मेलेला असतो. जो पोरगा घाबरून पळाला तो आता स्वतः बाप झालेला असतो. माणसे तीच, पण तोंड बंद ठेवण्याचे कारण संपलेले. एवढ्या भांडवलावर पाऊण तासाची गोष्ट उभी राहते, आणि ती खोटी वाटत नाही, कारण आपल्या भावकीतल्या जुन्या गोष्टीही अशाच, कोणाच्या तरी तेराव्यानंतर, बाहेर येतात.

फिलाडेल्फिया हे शहर निवडण्यातही मला अर्थ दिसतो. 25 फेब्रुवारी 1957 रोजी त्या शहराच्या कडेला एका पुठ्ठ्याच्या खोक्यात लहान मुलाचा मृतदेह सापडला होता. गावोगाव पत्रके लागली, तरी त्याचे नाव कोणाला सांगता आले नाही. डिसेंबर 2022 मध्ये, म्हणजे 65 वर्षांनी, डीएनए आणि वंशावळींच्या मदतीने पोलिसांनी त्याचे नाव जाहीर केले आणि 2023 च्या जानेवारीत ते त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरले गेले. खुनी कोण, हे पोलिसांना तेव्हाही सांगता आले नाही. तरीसुद्धा ती बातमी वाचताना मला तो स्टीलचा डबा आठवला आणि बरे वाटले. (का बरे वाटले, हे तेव्हा मला कोणाला नीट सांगता आले नसते.)

आपल्याकडे अशा प्रकरणाला ‘अ समरी’ म्हणतात. म्हणजे गुन्हा घडला हे खरे, पण करणारा सापडला नाही. कागद मिटला तरी पुढे पुरावा मिळाल्यास अधिक तपास करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि खुनाला मुदतीची अडचणच नाही; ती तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना असते. दार कायद्याने उघडेच ठेवले आहे. मात्र अशा गुन्ह्यातला मुद्देमाल न्यायालयाच्या दारापर्यंत येतच नाही, तो ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत राहतो, आणि रोज नव्या गुन्ह्याच्या मागे धावणाऱ्या माणसाने जुने गाठोडे कधी सोडायचे, हा प्रश्न उरतोच.

मालिकेचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. शेवटच्या दहा मिनिटांत खुनी चौकशीच्या खोलीत बसून भडाभडा कबुली देतो, ते पाहून मला दर वेळी हसू येते, कारण आपल्या न्यायालयात पोलिसांपुढच्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचे 25 वे कलम तसे सांगत होते, आता नव्या अधिनियमाचे 23 वे सांगते. त्याहून मोठा दोष आठवणींचा आहे. साक्षीदार तोंड उघडतो आणि पडद्यावर चाळीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ पोशाखाच्या बटणासह उभी राहते. मी पिंजऱ्यातले साक्षीदार पाहिले आहेत; सहा वर्षांनी समन्स आलेला माणूस ‘सायेब, लई दिवस झालं, आता न्हाई ध्यानात’ म्हणतो आणि तो बहुधा खरेच बोलत असतो.

हे सगळे मान्य करूनही 1968 च्या खुनाचा भाग मला ग्रेट वाटतो. (पाहायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) गस्तीच्या गाडीवरचे दोन तरुण पोलीस शिपाई, जोडीदार, एकमेकांच्या प्रेमात पडलेले, त्यातला एक गाडीतच गोळ्या लागून मरतो. दुसरा पुढे संसार करतो, म्हातारा होतो आणि ही गोष्ट पोटात ठेवतो. खुनी बाहेरचा नसून वर्दीतलाच निघतो. भूतकाळ बराचसा कृष्णधवल चित्रित केला आहे. शेवटी या मालिकेच्या रिवाजाप्रमाणे मेलेला माणूस, होता त्याच वयाचा, जुन्या जोडीदाराला क्षणभर दिसतो आणि त्या काळाचे गाणे वाजते. (अशा गाण्यांच्या हक्कांमुळेच ही मालिका डीव्हीडीवर येऊ शकली नाही, असे सांगितले जाते, गाण्यांशिवाय ती नकोच.)

आईला हा भाग दाखवावा की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला होता. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. गाणे संपल्यावर पदराने चष्मा पुसत म्हणाली, ‘बायकूला ठावं असणार रं. जल्मभर एका ताटात जेवलीया ती.’

मी तो भाग तीनदा पाहिला आहे. खुनी, गाडी, गाणे, अधिकाऱ्यांचे चेहरे, सगळे मला पाठ आहे. त्या म्हाताऱ्याच्या बायकोकडे मात्र माझे एकदाही लक्ष गेले नव्हते. पुतण्याला तोच भाग रविवारी पुन्हा लावून द्यायला सांगितले आहे.