‘पन्नास फोटोंत ९९ टक्के’ हा दावा द्राक्षबागेत टिकत नाही

ग्रुपाग्रुपांतून एक मजकूर फिरतो आहे: इमेजनेटवर (सर्वसाधारण वस्तूंच्या लाखो फोटोंच्या संग्रहावर) शिकलेलं, फोटो ओळखणारं तयार संगणकी मॉडेल घ्या, त्याचा उत्तर देणारा शेवटचा थर बदला, पिकावरच्या रोगाचे पन्नास फोटो दाखवा, ९९ टक्के अचूकता मिळेल, डेटा गोळा करत बसायचे दिवस गेले. शेतकऱ्यांसाठी ॲप करू पाहणारी हुशार मुलं यावर विसंबून कामाला लागतात, म्हणून हे लिहितोय.

‘९९ टक्के मिळतात.’ मिळाले आहेत. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाथे या संशोधकांनी प्लांटव्हिलेज या पिकांच्या पानांच्या फोटोसंग्रहावर ९९.३५ टक्के गाठले. पण ते फोटो ५४,३०६ होते. शिवाय त्याच निबंधात लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. हे वाक्य कुणी पुढे पाठवत नाही. प्लांटव्हिलेजमधलं पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेलं आहे. २०२२ मध्ये एका संशोधकाने मॉडेलला पान दाखवलंच नाही, फक्त पार्श्वभूमीचे ८ पिक्सेल दिले. तरी ३८ वर्गांत (पीक आणि रोगाच्या ३८ नावांत) ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजाने २.६ टक्केच आली असती. म्हणजे रोग न ओळखताही गुण मिळत होते.

‘शेवटचा थर बदलला की झालं.’ तो थर तुम्ही दिलेल्या नावांतूनच एक निवडतो. प्लांटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे वर्ग चार: ब्लॅक रॉट, एस्का, पानांवरचा एक करपा आणि निरोगी. नाशिकचा बागायतदार ज्याच्या धास्तीने फवारण्या करतो तो डाऊनी (केवडा) हा बुरशीजन्य रोग त्यात नाही, भुरीही नाही. डाऊनीचं पान दाखवलं तरी मॉडेल या चारांतलंच एक नाव सांगणार, आणि बरेचदा ठामपणे. डाऊनीचे तेलकट पिवळे डाग पानाच्या वर दिसतात, पांढरी बुरशी खालच्या बाजूला. फक्त वरून फोटो घेतला तर अर्धी खूण हातची गेली. त्यात पानावर बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे निळसर डाग सुकलेले असतात, तेही मॉडेलने कधी पाहिलेले नसतात.

‘सगळेच थर शिकवले तर आणखी उत्तम.’ नेहमी नाही. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दहा डेटासेट तपासले. फक्त शेवटचा थर शिकवण्याच्या तुलनेत सगळे थर शिकवल्यावर ओळखीच्या फोटोंवर सरासरी २ टक्के वाढले, पण वेगळ्या धाटणीच्या फोटोंवर ७ टक्के घटले. आधी फक्त शेवटचा थर शिकवून मग सगळे थर, हा त्यांचा क्रम दोन्हीकडे सरस ठरला.

‘डेटाचे दिवस गेले.’ कडा, पोत, रंग हे तयार मॉडेलला आधीच कळतं, त्यामुळे शिकवायला फोटो कमी लागतात, हे अगदी मान्य. चाचणीचे फोटो मात्र त्यामुळे कमी होत नाहीत. चाचणीला वीसच फोटो असतील तर एक चुकला की पाच टक्के हलतात. आणि एकाच वेलीचे लागोपाठ काढलेले फोटो शिकवणी-चाचणीत वाटून टाकले, तर आकडा हमखास फुगतो. वाटणी बागेनुसार करा: चाचणीची बाग दुसऱ्या गावची, फोन दुसऱ्याचा, आणि थोडे फोटो फवारणीनंतरचे.