रीमिक्सच्या आधीचं ऐका की!
मेलबर्नच्या 'कुकिन ऑन थ्री बर्नर्स' या वाद्य-त्रिकुटावरचा तुमचा लेख वाचला. त्यांची ओळख 'धिस गर्ल' या एका गाण्यावरच आटोपली, तीही कुंग्ज या फ्रेंच डीजेच्या २०१६च्या रीमिक्सवर. अहो, मूळ गाणं २००९च्या 'सोल मेसिन' अल्बममधलं, कायली ऑल्डिस्टच्या खणखणीत आवाजातलं! रीमिक्सनं फ्रान्स-जर्मनी गाजवलं, मान्य. पण मूळच्या ठेक्यातला तो निवांत डौल गेला, गाणं नुसतं पळत सुटलं. त्यापेक्षा त्यांचा २००७चा 'बेक्ड, ब्रॉइल्ड अँड फ्राइड' हा अल्बम लावा (नाव पाककृतीचं वाटतं, पण आत ठेक्यावर डोलायला लावणारं अस्सल फंक संगीत आहे). हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा), गिटार, ड्रम्स, बस्स. बेस गिटारवाला नाहीच. खर्जही ऑर्गनच सांभाळतो. मोबाइलच्या स्पीकरवर नेमका हा खर्जच गायब होतो, तेव्हा हेडफोन घ्या.