चौकट आपली, चकती कुणाची?

महिनाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोलरवरून जुंपली आहे. तासगावच्या दादाला 'पीएम सूर्यघर'मधून छतावर तीन किलोवॉट बसवायचंय. ७८ हजारांचं अनुदान हवं तर पॅनल आणि आतले सेल, दोन्ही भारतात बनलेले लागतात. हे 'डीसीआर' पॅनल महाग पडतं, म्हणून दादा वैतागलाय : "ऊन काय पासपोर्ट बघून पडतं का?" दाजी म्हणतात, आज स्वस्त बघशील, उद्या चीनच्याच दारात उभा राहशील. मग दोघांनी मला ओढलं. तू जर्मनीत आहेस, तू सांग.

लाइपझिगहून लोकलने अर्ध्या तासात बिटरफेल्ड येतं. जवळच्या थालहाइममध्ये एका रस्त्याचं नावच 'सोनेनअले', म्हणजे सूर्यमार्ग. या भागाला सोलर व्हॅली म्हणायचे. इथली क्यू-सेल्स कंपनी १९९९ मध्ये निघाली आणि २००८ च्या सुमारास जगात सगळ्यांत जास्त सोलर सेल बनवत होती. २०१२ मध्ये तिचं दिवाळं वाजलं. कोरियाच्या हानव्हाने ती घेतली आणि २०१५ मध्ये इथलं उत्पादन मलेशियाला हलवलं. पुढे २०२१ मध्ये मायर बुर्गर या स्विस कंपनीने त्याच गावात पुन्हा सेल काढायला घेतले. तिच्या जर्मनीतल्या कारखान्यांनी २०२५ मध्ये हात टेकले.

माझे शेजारी आधी वोल्फेनच्या फोटोफिल्मच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर काही वर्षांनी सोलरमध्ये लागले आणि आता पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करतात. माझ्या बाल्कनीत दोन पॅनल लावायला तेच आले होते. लावायच्या आधी त्यांनी पॅनल उजेडात धरून सेलवरच्या बारीक रुपेरी रेघांवरून बोट फिरवलं, मग उलटं करून स्टिकर वाचला. चीन. काही न बोलता स्क्रू आवळायला लागले.

इथे संरक्षण दिलंच नाही असं नाही. युरोपने २०१३ मध्ये चिनी पॅनलवर डंपिंगविरोधी (पडत्या भावात माल ओतण्याविरुद्धचं) शुल्क लावलं, ते २०१८ पर्यंत होतं. पण त्याच काळात जर्मन सरकारने सोलर विजेचा खरेदीदर इतका झपाट्याने उतरवला, की वर्षाला सात गिगावॉटच्या वर बसणारं सोलर दोन वर्षांत दोनच्या खाली आलं. शुल्क लावून दुकान राखलं आणि गिऱ्हाईकच हाकलून दिलं! शिवाय सेल बनवायची यंत्रं चीनला विकली कोणी? बरीचशी जर्मन कारखान्यांनीच. तेव्हा त्यात नफा होता.

आपल्याकडे गिऱ्हाईक आहे, आणि म्हणून मी दाजींच्या बाजूचा. २०२२ मध्ये आयात पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के शुल्क लागलं, उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनासाठी २४ हजार कोटी काढले, आणि २०२५ पर्यंत पॅनल बनवायची क्षमता शंभर गिगावॉटवर गेली. पण पॅनल बनवणं म्हणजे बरंचसं जोडकाम : काच, सेल, चौकट, मागे जंक्शन बॉक्स. सेलची क्षमता त्यामानाने बरीच कमी, आणि सेल ज्यावर बनतो तो वेफर (बटाट्याचा नव्हे, सिलिकॉनची पातळ चकती) जवळजवळ सगळा चीनहून येतो. यंत्रंही बहुतेक तिथलीच. ती बसवायला येणाऱ्या चिनी तंत्रज्ञांच्या व्हिसासाठी आपल्या उद्योजकांना २०२४ मध्ये सरकारकडे आर्जवं करावी लागली.

म्हणून ग्रुपवर लिहिलं : दादा, महाग पॅनल घे. पण दाजी, नुसती चौकट ठोकणाऱ्याला जन्मभर पोसायचं नाही. शुल्क कधी उतरणार याची तारीख आजच जाहीर करा, आणि यापुढचं प्रोत्साहन वेफर कापणाऱ्याला नि यंत्र बनवणाऱ्याला द्या. पुण्या-कोल्हापुरात यंत्रं बनवणारे हात काही कमी नाहीत.

दादाचं उत्तर लगेच आलं : "बरं. तोपर्यंत वरचे पैसे दाजी देणार का?"

निळ्या टिका दिसतायत. दाजी अजून टाइप करतायत.