गायतोंडे यांची कागदावरची वर्षं

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन झालं, पुढे ते व्हेनिसला गेलं. तेव्हापासून महाराष्ट्रात गायतोंडे यांचा विषय निघाला की चर्चा दोन गोष्टींभोवती फिरते. नागपुरात जन्मलेल्या, जे.जे.त शिकलेल्या चित्रकाराला हा मान आधी परदेशाने का द्यावा? आणि लिलावात किती कोटी आले? (२०२१ मध्ये त्यांचं १९६१ सालचं एक चित्र जवळजवळ ४० कोटींना गेलं.) पहिला प्रश्न रास्त आहे. पण २०१९ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातही त्यांचं प्रदर्शन झालं, हे त्या तक्रारीत कुणी सांगत नाही.

इथे राहून मला महत्त्वाचा वाटतो तो तिसराच मुद्दा: सुरुवातीची चित्रं. १९५०च्या आसपासच्या त्यांच्या कामात जैन पोथीचित्रं आणि बसोहली या पहाडी लघुचित्रशैलीचे सपाट, तापलेले रंग दिसतात, मग युरोपीय चित्रकार पाउल क्लेच्या वळणाची रेषा येते. दशक संपता संपता आकृती मावळते. नंतर ते रोलरने रंग पसरत, पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) खरवडत, ओल्या थरावर कागदाचे तुकडे दाबून उचलत. ते मोठे कॅनव्हास एकटेच टांगले तर प्रेक्षकाला वाटतं, हा माणूस पहिल्यापासून तिथेच होता. पृष्ठभाग कसा विभागायचा हे तो आधी लहान कागदांवर शिकला, ते कागद शेजारी असले तरच कळतं.

आणि कागदच आपल्याकडे सगळ्यात आधी खराब होतो. जलरंगासाठी ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) प्रकाश पुरे मानतात. रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. त्याच चित्रावर दुकानी स्पॉटलाइटचे २०० लक्स पडले तर तेवढा प्रकाश साडेबावीस दिवसांतच खर्च होतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून तीन महिन्यांनी चित्र उतरवून बराच काळ अंधारात ठेवावं लागतं.

दमटपणाची चूक आणखी साधी असते. दालन बंद होताना एसीही बंद होतो. पावसाळ्यात रात्रीतून आर्द्रता ५० टक्क्यांवरून ८०च्या पुढे चढते, सकाळी पुन्हा खाली येते. कागद फुगतो, आकसतो, लाटा धरतो. ६५च्या वर आर्द्रता टिकली की बुरशी आलीच. एसी रात्रभर चालवणं आणि आर्द्रतेची तासातासाची नोंद ठेवणं, एवढं शिस्तीने झालं तरी अर्धं काम होतं.

खाजगी घरांतल्या चित्रांची काळजी मला जास्त वाटते. फ्रेमवाला मागे साधा पुठ्ठा घालतो, चित्र सेलोटेपने चिकटवतो, काच थेट रंगाला टेकवतो. पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरून माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कडेने तपकिरी पट्टा उमटतो. आम्लमुक्त बोर्ड, जपानी कागदाच्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ आणि काचेखाली ३-४ मिलिमीटर पोकळी, एवढं पुरतं. जुना सेलोटेप मात्र स्वतः ओढू नये, कागदाचा वरचा थर त्याबरोबर निघतो.

नागपुरात उद्या असं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तर चित्रं उसनी देणारा मालक आधी तिथल्या दालनातल्या वर्षभराच्या आर्द्रतेच्या नोंदी मागेल. त्या आजपासून ठेवायला लागाव्यात.