फाळक्याचा खटका

आमच्याकडे विलीजची जुनी पिकअप आहे. आजोबांनी ती गोव्याच्या लिबरेशनच्या आधी घेतली, म्हणजे 1961 पूर्वी. इंजिनाची मला काळजी नाही. त्याला हात लावायला मेकॅनिक रांगेत उभे असतात. अडलं ते मागच्या फाळक्यापाशी. या गाडीचा फाळका मुळात दोन बाजूंच्या साखळ्यांवर. आमच्याकडे एका बाजूला साखळी उरली होती, दुसऱ्या बाजूला काथ्याची दोरी, आणि दोन्हींवर अख्ख्या वाड्याची श्रद्धा. वाड्याची म्हणायचं कारण, गाडी कागदावर माझी असली तरी चावी कोणाकडे आहे हे मला चौकशी करून कळतं.

चवथीच्या तोंडावर शेजारचे काका माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला ती घेऊन गेले. येताना फोंड्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर दोरीने देह ठेवला. नारळ उताराला लागले, मागोमाग सुपारीचे घड. मागची बस थांबली, प्रवासी उतरले, धावत नारळ गोळा करून दिले. काही नारळ बसनेच पुढे गेले. काका घरी येऊन मलाच म्हणाले, "अरे, फाळक्याला एक बरा खटका कर. लोक काय म्हणतील?"

असा खटका तयार मिळत नाही, बनवूनच घ्यावा लागतो. लेथवाला मेस्त भला माणूस. पण त्याची दुपारची झोप देवळाच्या आरतीइतकी नेमाची. तिच्याआधी गेलं तर "आता बंद करतोय", नंतर गेलं तर "आत्ताच उघडलंय, फाल्यां यो", म्हणजे उद्या ये. तरी काम पक्कं. जाड पट्टीची पेटी, आत लेथवर काढलेली दांडी, मागे स्प्रिंग. दांडीचं टोक तिरकं कापलेलं, म्हणजे फाळका आपटला की दांडी आत दबते आणि समोरच्या भोकात सुटते.

मग बोल्ट आले. गाडीची भोकं पाच सोळांश इंची, म्हणजे 7.94 मिलिमीटर. बाजारात बोल्ट 8 चा. फरक केसाएवढा, म्हणून तो आधी गोड बोलून आत शिरतो आणि एकदोन आट्यांनंतर असा अडून बसतो की पुढेही नाही, मागेही नाही. आटे वेगळे ना! एक बोल्ट शेवटी कापूनच काढला. त्यावर काकांचा सल्ला, "सगळं स्टेनलेसचं कर, गंजायची कटकट नको." मेस्ताने मान हलवली. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यात खारा वारा. अशात स्टेनलेस साध्या पत्र्याला चिकटवलं की ते स्वतः चकचकीत राहतं आणि शेजारचा पत्रा खाऊन टाकतं. काका काही वेळ गप्प राहिले. ही घटना दुर्मीळ, म्हणून नोंदवतो. शेवटी साध्या लोखंडावर जस्ताचा मुलामा दिला.

खटका बसला. आपटला की "टक्". मी उगीचच चारदा आपटून पाहिला.

पण बिजागऱ्या सत्तर वर्षांच्या आसपासच्या, त्यामुळे फाळका बोटभर खाली लोंबतो आणि दांडी भोकात आवळून बसते. उघडायचं तर गुडघ्याने खालून रेटा द्यायचा, डाव्या हाताने फाळका वर उचलायचा, आणि उजव्या हाताने मूठ ओढायची, तीही किंचित तिरकी. हे मला जमतं. दुसऱ्या कोणाला जमत नाही. काकांना तर अजिबातच नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

तेव्हापासून गाडी जिथे जाईल तिथे मी. बांदोड्याच्या लग्नात खुर्च्या उतरवायला मी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळी चढवायला मी. परवा पहाटे कोणाच्या तरी मेहुण्याचा फोन, बेतीहून: "भाऊ, बर्फ वितळतोय, लगेच या." मी मेस्ताकडे गेलो, म्हटलं, यावर काहीतरी उपाय काढ. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मूठ ओढून पाहिली, उघडेना तसा खूश झाला.

"पक्का बसलाय," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूलाही असाच घालूया."