त्यांची वर्गणी नको म्हणे

आत्ताच सोसायटीच्या गणपतीच्या मीटिंगहून आले, झोप काही लागणार नाही म्हणून लिहितेय. वर्गणीची यादी वाचत होते, समोरच्या बेनचं नाव आलं तर एकजण म्हणाले, तिकडे जाऊ नका, गुन्हेगाराचं घर आहे ते. सगळे गप्प. मीसुद्धा गप्प, आणि तेच जास्त लागलंय.

बेनचा मुलगा मेक्सिकोकडून अमेरिकेत शिरला, पकडला गेला, परत पाठवला. ते लष्करी विमान आठवतंय ना, ५ फेब्रुवारी २०२५, अमृतसरला १०४ जण उतरवले, हातकड्या बेड्या घालून आणलेले, त्यात आपल्या गुजरातचे ३३. हा त्याच्या नंतरच्या विमानात होता. तेव्हापासून बडोद्याच्या या उकाड्यातही पोरगा फुल बाह्यांचा शर्ट घालतो, मनगटाची बटणं लावून.

वकिलाच्या ऑफिसात बारा वर्षं टायपिंग केलंय, एवढं तर कळतं की सगळे गुन्हे एका मापाचे नसतात. अमेरिकेच्याच कायद्यात चोरून बॉर्डर ओलांडणं, पहिल्यांदा असेल तर, किरकोळ गुन्हा आहे, फार तर ६ महिने कैद. हाकलल्यावर पुन्हा शिरला तर मात्र मोठा गुन्हा होतो. आणि व्हिसा संपल्यावर तिथेच राहून जाणं, तो तर फौजदारी गुन्हाच नाही, सिव्हिल मामला! देशाबाहेर काढतात, वर्षाच्या वर राहिलेला असेल तर १० वर्षं परत येऊ देत नाहीत, बस.

माझाच मावसभाऊ व्हिजिटर व्हिसावर गेला तो अकरा वर्षं न्यूजर्सीत आहे. दिवाळीत त्याचा व्हिडिओ कॉल आला की आम्ही सगळे फोनभोवती गोळा होतो, तो आमचा फॉरेनचा भाऊ. आणि हा समोरचा, ज्याला मी शाळेच्या रिक्षात बसवून दिलंय, तो गुन्हेगार!

हो, व्हिसासाठी वर्षानुवर्षं थांबणाऱ्यांवर अन्याय होतो, मान्य. एजंटला पैसे चारले, चुकलंच. आपलाही कायदा काही मऊ नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून जो नवा लागू झालाय त्यात पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आलं तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. देशाने सीमा राखायलाच हवी, त्यावर माझं भांडण नाही.

पण जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्याच डिंगुचा गावचं ते चौघांचं कुटुंब अमेरिकेत शिरताना कॅनडाच्या बॉर्डरवर थंडीने गोठून गेलं, तीन वर्षांचं लेकरू होतं त्यात, तेव्हा याच सोसायटीत डोळे पुसले होते ना सगळ्यांनी? तेही चोरूनच चालले होते. मेला तर बिचारा आणि जिवंत परत आला तर गुन्हेगार, हा कुठला न्याय?

बेन दर वर्षी गणपतीला डबाभर हांडवो पाठवतात. गेल्या वर्षी डबा घेऊन तोच आला होता, दारातूनच देऊन गेला, मी आत ये म्हटलं नाही. का नाही म्हटलं कोण जाणे. ती बटणं लावलेली मनगटं तेवढी बघत राहिले.

उद्या सकाळी पावतीबुक घेऊन मीच जाणार आहे त्यांच्याकडे. आणि पावती त्या मुलाच्या नावाने करणार आहे, कमिटीत कुणाला चालत नसेल तर मला फोन करा.